तेल्याच्या पाठीवरचे वळ

उकंड्याला ताप एक दिवस आड यायचा, आणि विहिरीची पाळीही एक दिवस आडच होती. दोन्ही नेमके एकाच दिवशी पडले.

मलेरियाची माणसं माघात येऊन भिंतींवर औषध फवारून गेली होती. जाताना चौकटीशेजारी गेरूनं तारीख लिहिली होती. त्या तारखेच्या खालीच उकंडा दोन गोधड्या पांघरून पडे आणि चैत्राच्या उन्हात त्याचे दात वाजत. दुसऱ्या दिवशी उठून बसे. भाकर मोडून खाई, बैलाच्या पाठीवर हात फिरवी. तिसऱ्या दिवशी, पाळीच्या दिवशी, सकाळीच नखं निळी पडत.

विहीर आजाच्या वेळची. रोहिणखेडच्या वाटेला, पांदण ओलांडली की लागायची. एका आजाचे दोन नातू तिच्यावर जगत होते, पंजाबराव आणि उकंडा. पंजाबराव थोरला चुलतभाऊ, त्याचं रान मोठं, घरी सालगडी. उकंड्याचं वांग्याचं दीड बिघा आणि मिरचीचे चार वाफे. मोट एकच. जू आणि दोर ज्याचे त्याचे, बैल मात्र एकेकाचा एकेक: पंजाबरावाचा तेल्या, तेलात बुडवून काढल्यासारख्या रंगाचा, उकंड्याचा बांड्या. ज्याची पाळी असेल त्यानं दोघांना जुंपायचं. आणि पंचांनी बापाच्या वेळीच ठरवून दिलेलं होतं, की लागोपाठ तीन पाळ्या कोरड्या गेल्या तर त्या हंगामाचं पाणी दुसऱ्याचं.

उकंड्याच्या दोन पाळ्या कोरड्या गेल्या होत्या.

तिसऱ्या पाळीच्या सकाळी त्याची बायको जनका वांग्यात जाऊन आली. पानं माना टाकून उभी होती. फुलं हात लावला की गळत होती. तिनं एक कोवळं वांगं दाबून पाहिलं, ते म्हाताऱ्या माणसाच्या गालासारखं आत गेलं. घरी येऊन ती गोधडीजवळ बसली. म्हणाली, मी जातो मोटंवर.

सासू सोजराबाई चुलीशी होती. ती तिथूनच म्हणाली की बाईनं धावेवर पाय ठेवला तर झरा मागं सरते, हे तुह्या मायनं तुले सांगितलं नाही का. जनकाच्या मायनं सांगितलं होतं. पण तिच्या बापाला मुलगा नव्हता. धामणगाव बढ्याच्या मळ्यात ती बापामागं नाड्यावर, मोट ओढणाऱ्या जाड दोरावर, बसून वाढली होती. मोट भरताना नाड्याचा ताण मांडीला कसा लागतो आणि रिकामी झाली की कसा सुटतो, हे तिच्या अंगात होतं. लग्नाच्या आदल्या वर्षी बापानं तिला नाड्यावरून उतरवलं आणि म्हणाला, आता पुरे, लोक पाहतात.

गोधडी बराच वेळ थरथरत राहिली. मग आतून आवाज आला.

"जाय," उकंडा म्हणाला. "पन गाऊ नको."

*

बैल जुंपताना जनकाचे हात चुकले नाहीत. मोट विहिरीत सोडली, ती भरल्याचा डुबुक आवाज ऐकला, आणि बैल धावेवरून खाली हाकले. धाव म्हणजे विहिरीच्या तोंडापासून उतरत जाणारी ती घासून घासून गुळगुळीत झालेली वाट. बैल उतरले तशी मोट वर आली. सोंदूर, मोटेच्या सोंडेला बांधलेला दोर, सैल केला तसं तिचं तोंड मोकळं झालं आणि थारोळ्यात, काठावरच्या दगडी कुंडात, पाणी धबकन पडलं. पाटानं धावत गेलं. पहिलं पाणी जमिनीनं पाटातच पिऊन टाकलं.

आता बैलांनी मागं यायचं. तोंड खालीच ठेवून, उलट्या पायांनी चढ चढायचा, तेव्हा रिकामी मोट पुन्हा खाली जाते. जनकानं कासरा ओढला. बैल उभे. तिनं जीभ टाळूला लावून टकटक केलं. बांड्यानं एक कान हलवला. तेल्या रवंथ करत राहिला. तिनं त्यांच्या पुढ्यात जाऊन कपाळावर तळवे टेकले आणि रेटलं. दोन बैलांपुढं एक बाई, ती जागच्या जागी घसरत राहिली.

या विहिरीवरच्या प्रत्येक जोडीला आजाच्या वेळेपासून मोटकऱ्यांच्या गाण्याची सवय होती. पंजाबरावाचा सालगडी गायचा, उकंडा गायचा, त्यांच्या आधी त्यांचे बाप गायचे. गाण्यावर मागं सरणं हेच त्या जनावरांचं शिक्षण. आवाज चढावर लांबला की पाय लांबायचे, आवाज थांबला की पाय थांबायचे.

वर मोट रिकामी लोंबत होती. ऊन वाढत होतं. जनकानं चारी बाजूंना पाहिलं. शेजारच्या रानात कोणी वाकलेलं दिसलं नाही. तिनं पदर तोंडाशी धरला आणि अगदी हळू, स्वतःच्याच छातीत, सूर लावला.

ये रे मागं मागं, पाय टाक हळू हळू,
खाली पाताळीचं पानी, त्याले नको आता छळू.

बांड्यानं पाय उचलला. तेल्यानं उचलला. नाडा तिच्या मांडीजवळून सरसरत गेला.

पण छातीतला सूर चढाच्या निम्म्यावर संपे आणि बैल निम्म्यावरच थबकत. मोट पाण्याला टेकत नसे. पाचव्या खेपेला तिनं पदर सोडला. सातव्या खेपेला आवाज मोकळा झाला. मग तो पांदणीपलीकडं गेला, कपाशीच्या उभ्या पऱ्हाट्यांवरून गेला, वाटेनं जाणाऱ्या गाडीपर्यंत गेला. गाडीवाल्यानं बैल थांबवले. दोन रानांतून डोकी वर आली. जनकाला ते दिसलं, आणि तरी ती गात राहिली, कारण पाणी आता दुसऱ्या वाफ्याच्या तोंडाशी पोचलं होतं.

ये रे मागं मागं, तुह्या खांद्यावर जू,
माह्या खांद्यावर घर, दोघं एक मी न् तू.

दुपारी पंजाबराव विहिरीवर आला. हात पाठीमागं बांधून त्यानं तीन खेपा पाहिल्या. गेला.

संध्याकाळी वांग्यांनी माना उचलल्या. जनकाच्या तळव्यांची सालं निघाली होती. तिनं घरी येऊन गोधडीजवळ सांगितलं, सगळे वाफे भिजले. उकंड्याचा ताप उतरला होता, अंग घामानं चिंब झालं होतं. त्यानं फक्त विचारलं, गायली का. ती म्हणाली, त्याबिगर ते मागं सरतेत का. तो भिंतीकडं वळून झोपला.

*

दुसऱ्या दिवशी उकंडा दाढी करायला निंबाखाली गेला. तिथं न्हाव्यापुढं बसलेली, चहाची बशी फुंकणारी पाच-सहा माणसं होती. ती एकमेकांकडं पाहू लागली.

उकंड्याचं नावच हसू आणणारं होतं. सोजराबाईची चार लेकरं अंगावर असतानाच गेली. पाचव्याला तिनं जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर लोळवला, म्हणजे मरणाला वाटावं हे टाकून दिलेलं आहे. म्हणून उकंडा. मरणानं खरंच पाहिलं नाही. पण माणसांनी पाहिलं. पोरं विहिरीत उड्या मारत तेव्हा त्याला काठावर उभा पाहत, कारण आई उतरू देत नसे. तो मोठा झाला, लग्न झालं, लोक उकंडराव म्हणू लागले. आणि त्या रावाच्या आत कुठंतरी कोणीतरी हसतं आहे असं त्याला कायम वाटे. आजवर त्यानं जनकावर दोनदा हात उचलला होता. दोन्ही वेळा आधी बाहेर कोणीतरी हसलं होतं.

गावातला टवाळ रंगराव शेजारच्या दुकानाच्या फळीवर बसला होता. तो न्हाव्याला म्हणाला, "याची दाढी कर, पन मिशीले हात लावू नको बे. ते धावेवर गायले गेली हाय."

माणसं हसली. न्हावीही हसला, वस्तरा बाजूला धरून. उकंडाही हसला. हसल्याशिवाय उठता येत नव्हतं.

तिथूनच त्याला पारावर बोलावणं आलं. पंजाबरावानं पंच बसवले होते. पंचांत मोठा नारायणराव, पिकल्या मिशांचा, हळू बोलणारा माणूस. गाव त्याला बापू म्हणे. पंजाबरावाचं म्हणणं सरळ होतं. तिसरी पाळी उकंड्यानं ओढली नाही, बाईनं ओढली. बाईनं ओढलेली पाळी पाळी होत असेल तर उद्या बाई पारावरही बसेल. झरा मागं गेला तर भरून कोण देणार.

नारायणबापूनं सगळं ऐकून उकंड्याला एकच विचारलं. "तू धाडलं होतं का तिले?"

हो म्हटलं तर बायकोला मोटेवर धाडणारा. नाही म्हटलं तर बायको न ऐकणारा. फळीवरची माणसं तिथंही आली होती. रंगराव पाराच्या दगडाला टेकून दात कोरत होता.

"नाई," उकंडा म्हणाला. "तिच्या मनानं गेली."

बापूनं मान हलवली. न्याय दिला. कालची पाळी मोजायची नाही, भिजलीही नाही, सुकलीही नाही. उद्याची पाळी उकंड्यानं स्वतः ओढावी, चार माणसांच्या डोळ्यांदेखत. ओढली तर पाणी त्याचं, नाही तर हंगामभर पंजाबरावाचं. उद्या त्याचा तापाचा दिवस आहे हे सगळ्यांना माहीत होतं. एक दिवस पुढं ढकला म्हणावं असं उकंड्याच्या ओठावर आलं. रंगरावाकडं पाहून ते त्यानं गिळलं.

तो उठला तेव्हा बापूनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मायेनं ठेवला. "घरचं घरी पाह्यजो बाबू," तो म्हणाला.

*

भर दुपार होती. सोजराबाई ओसरीवर चिंचा फोडत होती. जनका गोठ्यापुढं बसून सोललेल्या तळव्यांना तूप लावत होती. उकंडा आत आला आणि अंगणाचं दार लोटायला वळला.

"दार राहू दे," सोजराबाई म्हणाली.

त्यानं आईकडं पाहिलं. तिनं चिंचेवरून डोळे उचलले नाहीत.

"दोन लाव, पन ऐकू जाऊ दे. नाई तं गाव तुले जगू देनार नाई."

ही बाई त्याला उकिरड्यावरून उचलून छातीशी धरणारी. अजूनही हेच करत होती. तिला वाटत होतं, दोन थापडा, दोन किंकाळ्या, वाटेवर चार कान, आणि मग सगळं शांत होईल. तिच्या वेळी असंच झालं होतं.

पहिली थापड बसली तेव्हा जनका उठत होती, त्यामुळं ती तोल जाऊन गव्हाणीवर आपटली. दुसरी बसली. वाटेवरून जाणारी पावलं हळू झाली. उकंडा मोठ्यानं बोलत होता, दारासाठी बोलत होता: कोणाले विचारून गेली, कोणाले विचारून गायली. जनकानं कान हातानं धरला आणि तीही मोठ्यानं बोलली. ओरडली नाही. नुसतं खरं होतं ते सांगितलं.

"तुमीच म्हन्लं जाय."

पावलं थांबली.

ते शब्द उघड्या दारातून गेले होते. ते आता पारावर जाणार, फळीवर जाणार. उकंड्याचा हात गोठ्याच्या खुंटीकडं गेला. तिथं जुवाची शिवळ अडकवलेली होती, बैलाची मान जुवात अडकवून ठेवणारी हातभर लाकडी खुंटी, घामानं काळी झालेली. ती त्यानं तोंडावर मारली. गाणाऱ्या, बोलणाऱ्या, खरं सांगणाऱ्या तोंडावरच. हाडाचा आवाज झाला. जनकानं ओंजळ तोंडापुढं धरली, पाणी पिताना धरतात तशी, आणि तिच्यात दोन दात पडले.

त्यानंतर तो थांबला असता. पण दाराबाहेर कोणीतरी खाकरलं.

सोंदूर वेटोळं करून पडला होता, कालच्या पाण्यानं अजून ओला. ओल्या दोराचा फटका कोरड्यापेक्षा खोल जातो. जनका गुडघ्यांवर होती. चोळीची पाठ पहिल्या चार फटक्यांतच फाटली. ती आता ओरडत नव्हती, तिच्या तोंडात रक्ताशिवाय कशालाच जागा नव्हती; आणि न ओरडणाऱ्या बाईला मारणारा माणूस कधी थांबावं हे विसरतो. सोजराबाई उठली. चिंचा सांडल्या. बस झालं, बस झालं बाबू, म्हणत ती मधे आली, तर तिलाही ढकललं गेलं. ती उजव्या हातावर पडली. पलीकडच्या वाड्यात पंजाबरावाची बायको बनाबाई जातं ओढत होती. ते जातं थांबलं. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झालं.

दोर हातातून गळून पडला तेव्हा उकंडा धापा टाकत होता. दारात कोणी नव्हतं.

दिवे लागायच्या आत सोजराबाईनं ज्वारीची पातळ आंबील केली. जनकाचा जबडा सुजून मानेला टेकला होता. ओठांच्या फटीतून थेंब थेंब सोडावा लागत होता. म्हातारीचा उजवा पंजा मनगटात सुजला होता म्हणून ती डाव्या हातानं पाजत होती. त्या हाताची करंगळी वाकडी होती, कित्येक वर्षांपासूनची. भाजीत मीठ कमी झालं होतं त्या दिवसाची. जनकानं ती करंगळी रोज पाहिली होती आणि कधी विचारलं नव्हतं.

"तव्हा दार माह्या सासूनं उघडं ठेवलं होतं," सोजराबाई म्हणाली. आणि पुढचा थेंब ओठांच्या फटीत सोडला.

*

सकाळी उकंड्याची नखं निळी झाली. तरी तो गेला.

विहिरीवर माणसं जमली होती. पंजाबराव, नारायणबापू, आणखी दोन पंच. रंगराव थारोळ्याच्या दगडावर पाय सोडून बसला होता. उकंड्यानं तेल्याला आणि बांड्याला जुंपलं. मग शिवळ अडकवली. तिच्यावर एका बाजूला काळपट डाग वाळला होता. तो सगळ्यांना दिसला.

पहिली मोट वर आली. पाणी पडलं. आता मागं.

त्यानं तोंड उघडलं आणि दात वाजले. हुडहुडी छातीतून वर येत होती, सूर धरायला गेलं की त्याचे तुकडे होत. ये रे, म्हणे आणि पुढचं थंडीत जाई. बैलांनी कान फिरवले, वाट पाहिली. हे त्यांचं गाणं नव्हतं. उकंड्यानं श्वास घेऊन पुन्हा प्रयत्न केला. घशातून कुत्र्यासारखा आवाज निघाला. रंगराव दुसरीकडं पाहून खांदे हलवत होता.

या गावात आणखी एकच गळा होता जो ही जोडी मागं आणू शकला असता आणि पंजाबरावाच्या सालगड्याचा नव्हता. तो घरी गोठ्याशेजारी आंबील गिळायला शिकत होता.

उकंड्यानं चाबूक उचलला. तेल्या उजवीकडं, हाताजवळचा. आधी पुठ्ठ्यावर, मग पाठीवर, मग जिथं बसेल तिथं. बैल पुढं जाऊ पाहत, मार म्हणजे पुढं जा एवढंच त्यांना ठाऊक. पण पुढं धाव संपलेली, नाडा ताणलेला. मागं सर म्हणून तो मारत होता आणि मारानं ते पुढं रेटत होते. चाबकाची वादी तुटली. त्यानं जुवातली शिवळ उपसली. तिनं तेल्याच्या फऱ्यावर, मणक्यावर मारत राहिला. तेल्या पुढच्या गुडघ्यांवर बसला, नाकातून फेस आला. उकंड्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तापाचं की कशाचं, आणि तो मारत होता.

पंजाबराव धावत आला. त्यानं मनगट पिरगळून शिवळ हिसकावली आणि उकंड्याला मातीत लोटलं.

"माह्या बैलाले मारतं बे?"

*

पंच पुन्हा पारावर बसले. दुपारच्या आत बसले, इतकी ती गोष्ट गंभीर होती. तेल्याला पारासमोरच्या पिंपळाच्या मुळाला बांधलं होतं. तो अजून थरथरत होता, माश्या वळांवर बसत होत्या. उकंडा पाराखाली उकिडवा बसला होता, घोंगडीत.

बापूनं उकंड्याच्या घरून हळद-तेल मागवलं. ज्यानं मारलं त्याच्या घरचं तेल, हा रिवाज होता. सोजराबाईनं तेल कडवून त्यात हळद कालवली. तिच्या सुजलेल्या हातात वाटी ठरेना. म्हणून ती जनकानं घेतली. पदर पुरता ओढून, सासूच्या मागं मागं ती पारापर्यंत आली.

तेव्हा नारायणबापू मोजत होता. वाकून, एकेका वळावर बोट न लावता बोट फिरवत. "बारा... तेरा... हा एक पोटाखाली, चवदा." माणसं च्च च्च करत होती. रंगरावानं तर डोळ्यांना उपरणं लावलं. बापू सरळ झाला आणि पारावर येऊन बसला. म्हणाला, मुक्या जनावराले असं मारतेत का. ते सांगू शकत नाही म्हणून काय त्याले दुखत नाही. न्याय झाला: पाणी हंगामभर पंजाबरावाचं. तेल्याची पाठ भरून येईस्तोवर वैरण आणि तेल उकंड्याच्या घरचं. आणि उकंड्यानं आत्ता, सगळ्यांसमोर, बैलाच्या पायावर डोकं ठेवावं.

उकंडा घोंगडीतून उठला. वाकला. तेल्याच्या खुरावर त्याचं कपाळ टेकलं.

जनकानं वाटी पारावर ठेवली. कोणाला वाटलं ती परत निघाली, कारण ती पाठमोरी झाली होती. मग तिनं पदर खांद्यावरून सोडला.

चोळीची पाठ सोंदुरानं आधीच फाडून ठेवली होती. आत जे होतं ते भर उन्हात सगळ्यांना दिसलं. ती ओठ हलवत होती. जबडा हलत नव्हता, त्यामुळं शब्द एकेक करून, रक्तासारखे, फटीतून आले.

"हे... बी... मोजा."

पंचांनी खाली पाहिलं. पंजाबरावानं बैलाकडं पाहिलं. नारायणबापू तिच्या पाठीकडं एक क्षण पाहत राहिला आणि मग बोलला. रागानं नाही. लेकराला उमगत नसलेली गोष्ट समजावून सांगावी तसा, हळू बोलला.

"बाई, बैल दुसऱ्याचा होता."

तो उठायला लागला. बाकीचेही उपरणी झटकू लागले.

सोजराबाईनं डावा हात वाटीत घातला. वाकडी करंगळी पिवळी झाली. ती सुनेच्या मागं जाऊन उभी राहिली आणि खांद्याजवळच्या वरच्या वळावर बोट टेकलं.

"एक," ती म्हणाली.

हळद झोंबली. जनकाच्या बंद तोंडातून कण्हणं निघालं, लांब, चढत जाणारं. निम्म्यावर जरासं थबकून पुन्हा चढलं. पिंपळाखाली तेल्यानं कान टवकारले. आणि त्या सुजलेल्या, सोलवटलेल्या जनावरानं मागचा उजवा पाय उचलून एक पाऊल मागं टाकलं.

"दोन," सोजराबाई म्हणाली.

जनकानं ते पाऊल पाहिलं. तिचे डोळे मोठे झाले. मग तिनं कण्हणं सोडलं आणि सूर धरला, दात नसलेल्या जागेतून वारा जाणारा, शब्द नसलेला, पण तोच. ये रे मागं मागं. तेल्या मागं सरला. दावं ताणलं, पिंपळाच्या मुळावरून सटकलं. तो आपल्या शिकल्या चालीनं, शांतपणे, उलट्या पायांनी पाराकडं येऊ लागला, जिथं माणसं बसली होती. रंगराव धोतर सावरत उठला. पंजाबरावानं दावं धरून ओढलं, पुढं ये पुढं ये म्हणाला, पण गाणं चालू होतं. पंच डावीकडं-उजवीकडं झाले. नारायणबापूचा एक जोडा खुराखाली गेला आणि तो एकाच पायात जोडा घालून पाराच्या मागच्या बाजूनं उतरला.

उकंडा जिथं वाकला होता तिथंच होता. खूर त्याच्या कपाळाखालून निघून गेला होता. तो मातीवर कपाळ टेकून राहिला, वर पाहिलं नाही.

पार रिकामा झाला. तेल्या येऊन जनकाच्या शेजारी थांबला, पाठीला पाठ लावून.

"तीन," म्हातारी म्हणाली, आणखी मोठ्यानं, जाणाऱ्यांना ऐकू जाईल अशी. "चार."